किमयेच्या बाडाचा समास

मी आयुष्यात हजारो पुस्तकं वाचली, पण सगळी मधूनच. जिल्दसाजाचं, म्हणजे पुस्तकं बांधणाऱ्याचं, वाचन तसंच असतं. पानं एकात एक घालून जो गठ्ठा होतो त्याला आम्ही जुज म्हणतो. सुई जाते ती जुजाच्या मधल्या घडीतून, त्यामुळे शिवताना डोळ्यांपुढे उघडं राहतं ते मधलंच पान. दोरा ओढता ओढता त्यावरच्या चार ओळी वाचून होतात, तोवर पुढचा जुज हातात आलेला असतो. खून झालेला मला कळायचा, कोणी केला ते कधीच नाही. कितीतरी नायिकांना मी रडताना सोडून आलो आहे.

पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मी एकच पुस्तक वाचलं, आणि तेही समासासकट. एका मासिकाच्या संपादकांनी धंद्यातले अनुभव लिहायला सांगितले तेव्हा आठवायला बरंच काही होतं, पण लेखणी फिरून फिरून त्याच पुस्तकापाशी येऊ लागली. सोनं कसं करावं याचं ते पुस्तक. सोनं झालं नाही हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणी त्या आशेनं वाचत बसायला नको.

आमचं दुकान पुसदच्या बाजारात, एका अत्तरवाल्याला आणि एका सायकलवाल्याला चिकटून. अब्बांच्या हातून ते माझ्याकडे आलं छप्पन साली. त्याच साली आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि कचेऱ्यांची जुनी रजिस्टरं बांधून ठेवायची, नव्यांना पुठ्ठे चढवायचे, असं इतकं काम आलं की अब्बा म्हणाले, "बेटा, सरकार बदलते रहना चाहिए." त्यानंतर ते दुकानात फक्त चहा प्यायला आणि माझ्या चुका काढायला येत.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक वकीलसाहेब होते, ते सगळी पुस्तकं लाल कातड्यात एकाच मापाची करून मागायचे. माप जुळत नसेल तर पुस्तक कापा म्हणायचे, ओळी गेल्या तरी चालतील. एका शाळेच्या हेडमास्तरांची तक्रार होती की मी बांधलेली पुस्तकं फार सहज उघडतात, मुलं हाताळतात. त्यांना घट्ट बांधणी हवी होती. मी तशी करून दिली आणि ग्रंथालय शोभिवंत राहिलं. कुणी आजोबांची पोथी आणायचं, तिला कापराचा वास. कुणी नव्या नवरीची हिंदीतली कादंबरी आणायचं, तिच्यात तिकिटं, मोरपीस आणि एकदा तर अख्खी वाळलेली फुलवेणी.

काम मात्र सगळ्यांचं एकच. जुनी शिवण उसवायची, पानं साफ करायची, नव्यानं शिवायची, पाठीला सरस द्यायचा, शिकंज्यात आवळायचं आणि मग तिन्ही कडा चाकूनं सरळ कापायच्या. त्यानंतर पुठ्ठा आणि कापड. कापड चिकटवायला मैद्याची खळ. ती शिजवताना मी तिच्यात मोरचुदाचा निळा खडा कुटून टाकायचो. मोरचूद विषारी, म्हणून झुरळं आणि कसर त्या पुस्तकाकडे फिरकत नाहीत. ही आमच्या घरातली रीत, विचार न करता हात आपोआप डबीकडे जायचा.

कडा कापण्यावर अब्बांचा फार जीव होता. न कापलेलं पुस्तक त्यांना दाढी न केलेल्या नवरदेवासारखं वाटायचं. चाकू असा चालला पाहिजे की कापल्यावर कडेवर बोट फिरवलं तर एक पान दुसऱ्यापासून वेगळं कळू नये. माझा हात तसा बसला होता आणि त्याची मला घमेंडही होती.

त्रेसष्टच्या उन्हाळ्यात ढाणकीचे किसनजी सोनार दुकानात आले. त्यांना मी ओळखत होतो. माझ्या बहिणीच्या लग्नातले झुमके त्यांनीच घडवले होते. फुंकणी फुंकून फुंकून त्यांचा एक डोळा कायम अर्धा मिटलेला असायचा आणि त्यामुळे ते सतत काहीतरी पारखत आहेत असं वाटायचं. त्या वर्षी सोन्यावर कायदा आला होता. चौदा कॅरटच्या वर दागिना घडवायचा नाही. आजच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही, पण पिढ्यान् पिढ्या सोन्यावर बसलेली माणसं एका दिवसात रिकामी झाली. कुणी भाजी विकू लागलं, कुणी शेतावर गेलं, कुणी जीव दिल्याचंही कानावर यायचं. किसनजींनी दुकानाला कुलूप लावलं होतं.

"चौदा कॅरट म्हंजे तांब्याले सोन्याचा वास देणं," ते म्हणाले. "ते माह्या हातानं नाही व्हत, करीमभाई."

मग त्यांनी फडक्यातून एक बाड काढलं. बाड म्हणजे हातानं लिहून शिवलेली जाड वही. हातकागद, काजळाची शाई, पाठ पार मोडलेली. फुलसावंगीकडच्या तांड्यावरचे एक नाईक त्यांच्याकडून चांदीचे दागिने घडवून घेत. त्यांच्या वाडवडलांनी लदेणीच्या, म्हणजे माल वाहायच्या, बैलांवरून मीठमिरचीबरोबर हे बाड कुठून तरी आणलं होतं. तांड्यात कुणाला वाचता येत नव्हतं, पण कुणी ते फेकलंही नव्हतं. दुकानाला कुलूप पाहिलं तसं नाईकांनी ते किसनजींच्या हातात ठेवलं. तुमचं सोनं सरकारनं नेलं, हे घ्या, म्हणाले.

"सारं सुटून राह्यलं," किसनजी म्हणाले. "पक्कं बांधून द्या. तिन्ही बाजूनं कापा, कोरं करकरीत दिसलं पाहजे. दसऱ्याले हत्यारांसंगं पुजेत ठेवतो."

मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी बाड उसवलं, पानं सारखी केली आणि शिकंज्यात घातली. उसवताना घडीतून पिवळी भुकटी पडली होती. वास घेतला, गंधक होतं. कुठे भोकं पडलेली, ठिणगीनं जळाल्यासारखी. एका पानावर कुणाच्या तरी अंगठ्याचा लालभडक ठसा, जणू आज सकाळी उमटलेला. चाकू हातात घेतला आणि रिवाजाप्रमाणे कापायच्या जागेवरून एकदा नजर फिरवली. चाकू जिथून जाणार होता नेमकं तिथेच बारीक अक्षरं होती.

शिकंजा सैल करून पान उलटलं, पुढेही होती. प्रत्येक पानाच्या समासात, म्हणजे कडेला सोडलेल्या कोऱ्या जागेत, माणसांनी लिहून ठेवलं होतं. एकानं नाही, अनेकांनी. कुठे देवनागरी, कुठे मोडी, कुठे आमची फारसी लिपी. शाई वेगळी, हात वेगळा, काळ वेगळा. एकाला लिहिता येत नसावं, त्यानं नुसतं भट्टीचं चित्र काढून तिच्यावर फुली मारली होती. मी चाकू खाली ठेवला आणि जे वाचता येत होतं ते वाचलं. दख्खनी बोलीत कुणी लिहिलं होतं: आंच तेज हुई, शीशा गया, आनेवाला धीमी रखे.

मी पानं बाहेर काढली. अब्बा चहा पीत बसले होते, त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोन पानं पाहिली, कप बाजूला ठेवला आणि म्हणाले, "इसको मत काट." बावीस कॅरटच्या सोन्यासारखा कडेचा आग्रह धरणारा माझा बाप असं म्हणाला, यावरून काय ते समजा.

किसनजींना निरोप धाडला. त्यांनी मधला मजकूर वाचला होता, त्यांना मोडी यायची आणि देवनागरी श्लोकही अडखळत लागायचे. समास म्हणजे कुणीतरी गिरगटलेलं असावं अशी त्यांची समजूत होती. आता मग असं सुरू झालं की बाजाराच्या दिवशी ते यष्टीनं पुसदला यायचे, आम्ही दुकानातल्या सतरंजीवर बसायचो आणि ते मोडी वाचायचे, मी फारसी अक्षरं वाचायचो. एकट्याला ते पुस्तक वाचता येणारच नव्हतं. लिहिणाऱ्यांनाही एकमेकांचं वाचता आलं असेल का, हे मला आजही कोडं आहे.

मजकूर मोठा अजब. प्रत्येक प्रकरण सुरू व्हायचं ते दम देऊन, की हे कुणाला सांगू नये, अपात्राला तर मुळीच नाही. लगेच पुढे सगळं सांगून टाकायचं, कोणती वनस्पती, किती आंच, मातीत काय मिसळायचं. पाऱ्याला निरनिराळी नावं, कधी तो राजा, कधी पक्षी, कधी भुकेलं लेकरू. आणि गाडी अगदी दाराशी आली की वाक्य यायचं, यापुढचं गुरूला विचारावं. मी हसायचो. किसनजी हसत नसत.

"गुरू कुठचा आणावा?" मी एकदा म्हटलं.

"हे काय बसले सारे," ते म्हणाले आणि त्यांनी समासावर बोट ठेवलं.

तेव्हापासून मीही हसणं सोडलं. कारण खरंच, मधला लिहिणारा जिथे हात आखडता घ्यायचा तिथून समासातली माणसं बोलू लागायची. आपण काय केलं, कुठे चुकलं, काय फुटलं, काय उडून गेलं. फसवणूक झाली असं त्यातल्या एकानंही लिहिलं नव्हतं. उलट, पुढचा कुणी तरी येणार आहे हे धरूनच प्रत्येकानं लिहिलं होतं. पुढीलाने असे करावे. आनेवाला यूं करे. नावं नाहीत, गावं नाहीत. सोनं तर कुणालाच मिळालं नव्हतं. तरी न पाहिलेल्या माणसासाठी जागा पुसून ठेवावी तशी प्रत्येकानं आपली चूक नीट मांडून ठेवली होती. इतकी वर्षं पुस्तकं बांधली, पण माणसांचा असा विश्वास मी कुठल्या पुस्तकात पाहिला नव्हता.

मला वाटतं अशी पुस्तकं टिकतात ती याच कारणानं. ज्या कृतीनं हमखास सोनं होतं ती लोक पाठ करतील आणि कागद चुलीत घालतील. इथे प्रत्येकाला वाटलं की एकच पायरी उरली आहे, म्हणून कुणीही ते फेकलं नाही.

पावसाळ्यात किसनजींची बायको, पार्वताबाई, एकटीच दुकानात आली. आधी पदरानं चेहरा पुसला, मग पाटावर बसली.

"करीमभाऊ, ते बाड कुठं हाय?"

"शिकंज्यात आहे, वहिनी. सरस वाळला नाही अजून." सरस केव्हाच वाळला होता. दुकानदाराच्या तोंडात असली वाक्यं तयारच असतात.

"वाळवूच नका. पूस नदीच्या पाण्यात सोडून द्या, अन् चोरीले गेलं म्हणा."

काहून, मी विचारलं. तिनं गळ्यातली एकदाणी बाहेर काढून दाखवली. सोन्याच्या मण्यांची एकेरी माळ. किसनजींनी लग्नात स्वतः घडवलेली, घरातलं शेवटचं खरं सोनं. बाडात लिहिलं होतं की भुकेल्या पाऱ्याला आधी सोनं खाऊ घालावं लागतं, आणि किसनजींनी ती माळ मागितली होती. एकदा वितळली की तशी पुन्हा घडवायची त्या वेळी सोय नव्हती, कायदाच तसा.

"मग देऊ नका," मी म्हटलं.

तिनं माळ पुन्हा पदराआड सारली. "बाड येण्याच्या आंधी हे माणूस भिंतीकडं तोंड करून पडून राहे. जेवा म्हटलं तं जेवे, नाही म्हटलं तं नाही. आमच्या गल्लीतला एक सोनार तसाच पडला होता, मंग एक दिवस विहिरीतून काढला. आता हे सकाळी उठते, भट्टी झाडते, माह्याशी बोलते. बाड ठेवू तं सोनं जाते, बुडवू तं माणूस जाते. तुमीच सांगा मी काय करू."

मी बाड काढलं आणि ती बसली होती तिथेच तिला समास वाचून दाखवू लागलो. मोडीतल्या ओळी किसनजींकडून ऐकून ऐकून मला पाठ झाल्या होत्या. काच फुटलेला, दमा लागलेला, आंच चुकलेला, एकेक माणूस. ती नुसती ऐकत होती. एका पानावर कुणा बाईनं दुसऱ्याकडून लिहवून घेतलेलं होतं: धनी धुराने गेले. भाता मी ओढीत होत्ये. दोष पोथीचा नाही, घाईचा. पुढीलाने वारा पाहोन बसावे.

"परत वाचा," पार्वताबाई म्हणाली.

मी परत वाचलं.

"नाव काय तिचं?"

"लिहिलं नाही, वहिनी."

तिनं पदराआड माळ चाचपली. डोळ्यांत पाणी होतं, ते तिनं लपवलंही नाही. "नवरा गेला तरी तिनं बुडवलं नाही," ती म्हणाली. "मी अर्धी देईन. अर्धी माह्या गळ्यात राहीन. अन् भाता मीच ओढीन, वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसून. सांगून द्या त्याईले, अन् बांधून द्या आता."

मी बाड बांधलं. कडा कापल्या नाहीत. वेडीवाकडी कड घेऊन माझ्या दुकानातून बाहेर पडलेलं ते पहिलं पुस्तक. दसऱ्याला ते किसनजींच्या हातोड्या-चिमट्यांशेजारी झेंडूच्या फुलांत बसलं.

थंडी सुरू झाल्यावर एका सकाळी मी ढाणकीला गेलो. गावाबाहेर नाल्याकाठी त्यांनी भट्टी मांडली होती. किसनजींनी अर्ध्या माळेचे मणी ठोकून कागदासारखा पातळ पत्रा केला आणि त्याचे तुकडे खलातल्या पाऱ्यात सोडले. पाहता पाहता तुकडे दिसेनासे झाले. पार्वताबाईनं तोंड फिरवलं.

"गेलं नाही ते," किसनजी तिला म्हणाले. "मुलामा चढवतांना आमी रोजच पाऱ्याले सोनं चारतो. आग देल्ली का पारा उडते, सोनं तसंच राह्यते. माह्या बापाचे हात त्या धुरानंच थरथरत होते, म्हणून मी मुलामा सोडला."

हा माणूस भोळा नव्हता, हे मला तेव्हा नीट कळलं. आपण काय करतो आहोत आणि त्यात धोका कसला, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मग त्यांनी गंधक टाकला आणि घोटायला सुरुवात केली. चांदीसारखा पातळ पारा, पिवळा गंधक आणि मधे कुठेतरी सोनं. घोटता घोटता सगळं करडं झालं, मग काळं, मग काजळाहून काळं. रंग कुठे गेले? मी खलात वाकून वाकून पाहत होतो. बाडात हे असंच लिहिलं होतं, अक्षर न् अक्षर तसंच. सोन्याची गोष्ट दूरच राहू द्या, जे खरं होतं तेच इतकं नवलाचं होतं.

ती काळी भुकटी जाड काचेच्या कुपीत भरायची आणि कुपीवर ओल्या चिकणमातीत भिजवलेल्या कापडाचे थर चढवायचे, म्हणजे आगीत काच तडकत नाही. कापड चढवायचं म्हटल्यावर मी पुढे झालो. ते माझंच काम. थैलीत खळीची डबी होतीच. नुसत्या मातीनं कापड सरकतं असं वाटून मी प्रत्येक थराला आधी खळ ओढली, मग माती. मानेपाशी तर दोन बोटं जास्तच. असं गुळगुळीत चढवलं की किसनजींनी कुपी फिरवून फिरवून पाहिली. "वा, करीमभाई," म्हणाले. मला धन्य वाटलं.

कुपी वाळूनं भरलेल्या हंडीत पुरली, मान तेवढी वर. खाली निखारे. वारा पाहून पार्वताबाई भात्याशी बसली, आम्ही तिच्यामागे. आधी पिवळा धूर निघाला, गंधकाच्या वासानं डोळे चुरचुरले. मग धूर थांबला. ऊन डोक्यावर आलं, कलू लागलं. आंच वाढवायची वेळ आली तशी पार्वताबाईनं भाता जोरात ओढला, हंडीच्या काठावरून ज्वाळा वर आल्या आणि कुपीच्या मानेभोवती एक हिरवी ज्वाला उभी राहिली. मोरपिसातला तो हिरवा. बाडात एका समासात लिहिलेलं आम्हाला दोघांनाही तोंडपाठ होतं, की सिद्धी जवळ आली म्हणजे मयूरवर्ण ज्वाला दिसते.

"आली," किसनजी हळूच म्हणाले आणि त्यांनी हात जोडले. मी पाच वेळा नमाज पढणारा माणूस, माझेही हात आपोआप दुआसाठी वर झाले. पार्वताबाईनं भाता सोडला नाही, पण तिचे ओठ हलत होते. कित्येक पिढ्यांची माणसं आमच्या मागे दाटीवाटीनं उभी आहेत, असं मला त्या घटकेला खरोखर वाटलं. तशी घटका पुन्हा आयुष्यात आली नाही.

मग खाड् असा आवाज झाला. हंडीतली वाळू खचली आणि आम्ही तिघंही मागे पळालो.

सगळं निवाल्यावर किसनजींनी चिमट्यानं कुपीची मान उचलली. आतल्या बाजूनं लाल कडं धरलं होतं. कुंकवाहून गडद, बारीक स्फटिकांचं, उन्हात चमकणारं. पारा, गंधक, काळी भुकटी यातून हे आलं होतं. बाडातला तो अंगठ्याचा ठसा याच रंगाचा. आम्ही तिघं आळीपाळीनं ते उन्हात धरून पाहत राहिलो. हाच लाल पदार्थ पूर्ण पिकला तर तांब्याचं सोनं करतो असं बाड म्हणत होतं. पूर्ण पिकायच्या आत कुपी गेली होती.

किसनजी उकिडवे बसून कापडाचे जळके तुकडे बोटांनी चुरत होते. "खळीत काय टाकता जी तुमी?"

"मैदा."

"अन्?"

"मोरचूद. किड्यांसाठी."

त्यांनी माझ्याकडे अर्ध्या मिटलेल्या डोळ्यानं पाहिलं आणि हसायला लागले. कायदा आल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. "मोरचूद म्हंजे तांबं. तांब्याची ज्वाला हिरवीच राह्यते. अन् मैदा जळून थर सुटले, काच उघडी पडली. सोनार असून म्या मोरचुदाले हात जोडले."

मीही हसलो, शरमेनं अर्धा. पार्वताबाई मात्र हसली नाही. "आंधी वाळूतून सोनं काढा," म्हणाली.

सोनं निघालं. वाळू धुऊन, आटवून किसनजींनी गोळी केली. ती पहिल्यापेक्षा जराशी हलकी भरली, पण गळ्यातलं गळ्यात जाण्याइतकी होती. त्यानंतर त्यांनी पुन्हा भट्टी मांडली नाही. मी वाट पाहत होतो. शेवटी एकदा विचारलं, तर म्हणाले, "माहं झालं. बाड खोटं नाही ठरलं, मीबी नाही ठरलो. तेवढं पुरे." मी त्यांची कुपी फोडली असं मला कितीतरी दिवस लागून राहिलं होतं. त्या दिवशी लक्षात आलं की माझ्या खळीनं त्यांना थांबायला एक निमित्त दिलं होतं, आणि माणसाला कधी कधी यशापेक्षा निमित्ताची गरज जास्त असते. त्यांनी ढाणकीच्या बाजारात स्टोव्ह आणि गॅसबत्त्या झाळून द्यायचं दुकान टाकलं. पुढे कायदा सैल झाला तसे ते पुन्हा सोन्यावर बसले.

साठीचं दशक संपत आलं असताना पार्वताबाई पुन्हा माझ्या दुकानात आली. गळ्यात एकदाणी पूर्ण होती. मधला एक मणी बाकीच्यांपेक्षा लहान, आणि तोच तिनं समोर येईल असा ओवून घेतला होता. तिनं फडकं सोडलं. बाडाचा पुठ्ठा उंदरांनी कुरतडला होता. मोरचूद झुरळांना आवरतं, उंदरांना नाही.

मी शिवण उसवली. किसनजींचं ठसठशीत मोडी अक्षर मला ओळखू आलं. कुपीच्या प्रकरणाच्या समासात, त्या दख्खनी बोलीतल्या माणसाच्या बरोबर खाली, त्यांनी लिहिलं होतं. आतापर्यंत मलाही मोडी वाचता येऊ लागली होती. कुपीस जिल्दसाजाची खळ लावू नये. मैदा जळतो. हिरवी ज्वाला दिसली ती मोरचुदाची, सिद्धीची नव्हे, आम्ही हात जोडले. लाली मात्र खरी. पुढीलाने नुसती चिकणमाती घ्यावी.

मी ते कितीदा वाचलं कोण जाणे. पुस्तक बांधणाऱ्याचं नाव पुस्तकात कधी नसतं. माझंही नव्हतंच. पण त्या समासातल्या मंडळीत मी होतो, एका चुकीच्या रूपानं का होईना, आणि पुढच्या कुणाच्या तरी उपयोगी पडणार होतो. मी उगाच सुईत दोरा ओवू लागलो. पार्वताबाईनं ते पाहिलं आणि मला सावरायला वेळ दिला.

"कडा कापत नाही, वहिनी," मी म्हटलं. "दुसरं काही करायचं का?"

"हाओ," ती म्हणाली. "मागून कोरी पानं लावून द्या, चांगली जाड. समासात जागाच राह्यली नाही. आता जो कोणी येईन, त्यानं लिहावं कुठं?"

मी माझ्याजवळचा सगळ्यात चांगला कागद काढला आणि जुज घालायला बसलो. मधल्या घडीतून सुई जात होती आणि या खेपेला डोळ्यांपुढचं पान कोरं होतं.